नखात उतरलेले थेंब

यंत्र लॅबमध्ये आलं त्या दिवशी उज्ज्वला खैरनारने सकाळपासून एकसष्ट जणांचं रक्त काढलं होतं. पाय भरून आले होते, आणि कधी एकदा घरी जाऊन पाठ टेकते असं तिला झालं होतं. पण बोरसे डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला थांबवून घेतलं. पुण्याहून कंपनीची बाई आली होती यंत्र शिकवायला. २०३७ सालच्या जूनमधली गोष्ट. मोठ्या शहरांत हे यंत्र दोन वर्षांपासून होतं, चाळीसगावात पहिलंच.

दिसायला ते शिलाई मशीनच्या निम्मंही नव्हतं. पुढे एक खाच, तिच्यात बोट ठेवायचं. वर पडदा.

"नख म्हणजे काय, तर शरीराने स्वतःच लिहिलेली डायरी," कंपनीची बाई म्हणाली. "नखाचं मूळ कातडीखाली असतं. तिथे रोज नवा थर तयार होतो आणि जुना पुढे ढकलला जातो. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. ज्या दिवशी थर तयार झाला, त्या दिवशी रक्तात जे असेल ते त्यात अडकतं. लोह, शिसं, औषध, काहीही. अडकलं की बाहेर पडत नाही. म्हणजे मुळाशी आज, आणि टोकाला पाच-सहा महिन्यांपूर्वीचा दिवस. केसांचंही तसंच, पण केस रंगवतात, तेल लावतात, म्हणून नख बरं. पूर्वी हे वाचायला नख कापून, विरघळवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावं लागायचं. आता यंत्र नखावर बारीक किरण सोडतं. प्रत्येक पदार्थाला धडकून परत येणारा उजेड वेगळा असतो. त्यावरून ते थर मोजत जातं, झाडाच्या बुंध्यातली वर्षं मोजावीत तसं. फरक इतकाच, की इथे दिवस मोजले जातात. कोण ठेवतंय बोट?"

सगळ्यांनी उज्ज्वलाला पुढे केलं. दोन मिनिटांत पडद्यावर एक लांब पट्टी उमटली आणि तिच्यात निळे ठिपके.

"मॅडम, तुम्ही थायरॉइडची गोळी घेता. आणि एप्रिलमध्ये तीन दिवस चुकवलीय."

सगळे हसले. उज्ज्वलाही हसली. मग तिने विचारलं, "आणि ज्याला माहीतच नाही आपण काय घेतोय, त्याचंही दिसेल?"

"नखाला काय, माणसाला माहीत असो नसो!" कंपनीची बाई म्हणाली.

*

उज्ज्वलाचा नवरा शेखर खैरनार एका हायस्कूलमध्ये चित्रकलेचा शिक्षक होता. गावात लोक त्याला खैरनार सर म्हणून ओळखत, आणि त्याहून जास्त नखचित्रवाले सर म्हणून. जाड पांढरा कागद घ्यायचा, अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं नख दोन्ही बाजूंनी दाबत न्यायचं. पेन्सिल नाही, रंग नाही. कागद तिरप्या उजेडात धरला की पांढऱ्यावर पांढरा मोर उठून यायचा, नाहीतर गिरणा नदीचा काठ. त्यासाठी नखं टणक आणि एकसारखी हवीत. शेखर ती जपायचा. भांडीसुद्धा कधी घासायचा नाही. उज्ज्वला चेष्टेने म्हणायची, "नखांचं निमित्त आहे नुसतं."

नऊ वर्षांपूर्वी त्याचं डोकं फिरलं. एका दिवसात नाही. आधी झोप गेली. मग शेजारचे लोक आपल्या भिंतीला कान लावतात, म्हणू लागला. मग मृण्मयीच्या, म्हणजे मुलीच्या वहीत कुणीतरी खुणा करतंय, असं दिसू लागलं. एक दिवस त्याने अकरा वर्षांच्या मृण्मयीला आतल्या खोलीत घातलं, दाराशी खाट लावली आणि हातात भाजी चिरायची पावशी घेऊन तो बसला. तिला न्यायला लोक येणार होते म्हणे. सतरा तास. उज्ज्वला दाराबाहेरून बोलत राहिली, पोर आतून रडत राहिली.

दवाखान्यात तो यायला तयार नव्हता. "मी काय वेडा आहे?" म्हणायचा. जळगावच्या डॉ. वाघुळदेंनी मग नवीन औषध दिलं होतं, वेलोपिन. पाण्यासारखं, ना चव ना वास. रोज सकाळी बारा थेंब. हात थरथरत नाहीत, माणूस पेंगत नाही, वजन वाढत नाही. "सध्या चहातून द्या," डॉक्टर म्हणाले होते. "तीन-चार महिन्यांत त्यांना समज आली की मी स्वतः सांगेन त्यांना. फार लांबवायचं नाही."

थेंबांनी जादू केली. महिन्यात शेखर परत शेखर झाला. ते दिवस त्याला धुरकट आठवत. "फार ताण होता तेव्हा," एवढंच म्हणायचा. मग सांगायचं कशाला? आज सांगू, दिवाळीनंतर सांगू, मृण्मयीची दहावी होऊ दे. सांगितलं आणि त्याने औषध थांबवलं तर? डॉक्टर विचारायचे, उज्ज्वला "सांगते सांगते" म्हणायची. अशी नऊ वर्षं गेली. नऊ वर्षांत तिने सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. तापात उठली, पाठीत उसण भरली तरी उठली. माहेरी राहायला गेली नाही. माणूस दमतो तो कामाने नाही, लपवण्याने.

औषधाचा दोष एकच होता. केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात, त्याला टणकपणा देणारे जोड असतात गंधकाचे. वेलोपिन मुळाशी जाऊन ते जोड नीट बसू देत नाही. त्यामुळे केस विरळ होतात, नखांवर आडव्या खाचा पडतात, पापुद्रे सुटतात. माहितीपत्रकात ही एक बारीक ओळ होती. तिच्या नवऱ्याच्या हातावर ती रोज दिसत होती. दुसऱ्या वर्षी शेखरचे केस गेले. त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. तिसऱ्या वर्षी अंगठ्याचं नख कागदावर दाबलं की दुमडायला लागलं. त्याने एरंडेल लावलं, लिंबू चोळलं, मेथ्या खाल्ल्या, नाशिकच्या कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते विचारायचे, "काही औषध चालू आहे?" शेखर म्हणायचा, "छे हो, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही." उज्ज्वला शेजारच्या खुर्चीत बसून पर्सचा बंद ओढत राहायची.

पाचव्या वर्षी त्याने कागद कपाटावर ठेवून दिले.

*

"अगं, तुमच्या लॅबमध्ये ते बोटाचं यंत्र आलंय ना?" त्याच संध्याकाळी शेखर म्हणाला. "शाळेत परिपत्रक आलंय. सगळ्या शिक्षकांची तपासणी. आता कळेल बघ माझ्या नखांचं काय झालंय ते. मला वाटतं बोअरच्या पाण्यात काहीतरी असणार."

इतका आनंदी तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

उज्ज्वलाने वाघुळदे डॉक्टरांना फोन केला. ते आता म्हातारे झाले होते. "बाई, यंत्राने सांगण्याआधी तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मी येतो हवं तर तिकडे." तिने मृण्मयीलाही पुण्याला फोन केला.  "आई, मी लहान होते. मला आता त्याबद्दल विचारू नकोस गं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

एकवीस दिवस होते हातात. रोज सकाळी उज्ज्वला ठरवायची, आज सांगायचं. रोज सकाळी गाळणी हातात घेतली की तोंड उघडायचं नाही.

तपासणीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये यंत्र घेऊन तीच गेली. बावीस शिक्षक रांगेत. शेखर सगळ्यांत आधी येऊन बसला, अंगठा खाचेत ठेवला आणि मुलासारखा पडद्याकडे वाकून बघू लागला. तिने पडदा स्वतःकडे वळवला. पट्टी उमटली. टोकापासून मुळापर्यंत जांभळे ठिपके, मधली एक मोकळी जागा सोडली तर एकाला लागून एक, शिस्तीत. तिच्याच हाताची शिस्त.

"काय दिसतंय?"

"नीट आलं नाही हो. नंतर परत घेते," ती म्हणाली. "तुम्ही वर्गावर जा."

दुपारी हॉल रिकामा झाला तेव्हा तिने नवऱ्याचं नाव उघडलं, खाचेत स्वतःचं बोट ठेवलं आणि अहवाल पुढे पाठवून दिला. तेव्हा तिला वाटलं, सुटले. खरं तर ती इतकी दमली होती, की स्वतःच्या नखात काय आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

*

अहवाल चार दिवसांनी शेखरच्या फोनवर आला. तो बाहेरच्या खोलीत उभा राहून वाचत होता.

"उज्ज्वला, यात लिहिलंय मी थायरॉइडची गोळी घेतो. रोज. सहा महिने. एप्रिलमधले तीन दिवस सोडून."

भाजी चिरता चिरता तिचा हात विळीवर थांबला.

"काहीतरी घोळ झाला असेल."

"यंत्राचा घोळ होत नाही, तूच म्हणाली होतीस." तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. "मी कधी घेतली गोळी? मला कुणीतरी देतंय. न सांगता देतंय. म्हणून केस गेले. म्हणून नखं गेली."

त्या दिवसापासून शेखरने शाळेत पाणी पिणं सोडलं. शिपायाने आणलेला चहा तो खिडकीतून ओतून द्यायचा. डबा दोनदा हुंगून बघायचा. हेडमास्तरांनी उज्ज्वलाला फोन केला. "वहिनी, सर जरा… तुमच्या लक्षात आलं का?" आठवड्याभरात गावात कुजबुज सुरू झाली, की खैरनार सरांचं पुन्हा सुरू झालंय.

तिलाही तसंच वाटलं. तीच नजर, तसाच हळू आवाज. एका सकाळी चहा उकळत होता आणि तिने बारा थेंब टाकले. बाटली तशीच तिरपी राहिली. अजून बारा टाकावेत? म्हणजे निवळेल. तेरावा पडला. चौदावा पडला.

आणि तिथे तिचा हात थांबला. माणूस म्हणतोय, मला कुणीतरी न सांगता काहीतरी देतंय. सगळं गाव म्हणतंय भ्रम आहे. आणि मी, त्याची बायको, इथे उभी राहून तेच करतेय. या घरात आज शहाणा एकच माणूस आहे आणि त्यालाच आपण वेडा ठरवतोय. नऊ वर्षांपूर्वी त्याचं डोकं आजाराने फिरलं होतं. आता फिरलं तर ते माझ्या खोटेपणाने फिरेल.

तिने चहा मोरीत ओतला आणि बाहेर आली.

"चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"लॅबमध्ये. रविवार आहे, कुणी नसेल. तुमचं बोट परत तपासायचंय. मी खोटं केलं होतं ते. तो अहवाल माझ्या बोटाचा आहे."

शेखरने चपला घातल्या.

*

लॅबमध्ये तिने पडदा त्याच्याकडे वळवून ठेवला. पट्टी उमटली. जांभळे ठिपके. तो वाकून बघत राहिला. नाव वाचलं, खालची माहिती वाचली. कशावरचं औषध, दोष कोणते. 

पट्टीच्या मधे एक मोकळी जागा होती. चार ठिपक्यांची.

"हे चार दिवस?" त्याने विचारलं.

"मृण्मयीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी पुण्याला होते."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "कशातून?"

"चहातून."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं."

"पोरीला माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."

तिने सांगायला सुरुवात केली. सतरा तास, पावशी, खाट, डॉक्टर, तीन महिने. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. मधेच म्हणाला, "नाशिकच्या त्या डॉक्टरांकडे गेलो होतो आपण. चार वेळा. मी बोटं पुढे करून बसायचो आणि तू शेजारी बसायचीस."

"हो."

"मी लिंबू चोळत होतो गं!"

 ती म्हणाली, "सुरुवातीला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"म्हणालो असतो कदाचित. तेव्हाचं सोड, तेव्हा मी माणसांत नव्हतो. पण पुढच्या वर्षी मी ठीक होतो ना? त्याच्या पुढच्या वर्षी? मी मुलांना शिकवत होतो, बँकेचे कागद करत होतो, मृण्मयीची ॲडमिशन केली. या सगळ्याला मी शहाणा होतो. फक्त एवढं एक ऐकायला नव्हतो?"

उज्ज्वलाला रडू आलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तिला एकदम खूप झोप आली, लहान मुलाला प्रवासात येते तशी. तिला स्वतःचीच लाज वाटली.

*

शेखर दुसऱ्या दिवशी एकटाच जळगावला गेला. वाघुळदे डॉक्टरांशी काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. डॉक्टरांनीच नंतर कळवलं, की औषध हळूहळू बंद करून बघायचं असा त्याचा आग्रह आहे, दर पंधरा दिवसांनी तो येणार आहे, आणि डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही. "धोका आहे," ते म्हणाले. "पण हा धोका त्यांचा आहे, बाई. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. उघड उघड ठेवा."

घरात दोन चुली नव्हत्या, पण दोन स्वयंपाक होऊ लागले. तो स्वतःचा चहा स्वतः करायचा, स्वतःची भाकरी स्वतः थापायचा, वाकडीतिकडी. बोलणं कामापुरतं. दिवाळीला मृण्मयी आली आणि बापलेक गच्चीवर दोन तास बसले. खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण जाताना ती त्याच्या पाया पडली नाही, गळ्यात पडली. उज्ज्वलाच्या गळ्यात पडायलाही ती विसरली नाही. जरा घाईत.

ऑक्टोबरपासून त्याच्या नखांच्या मुळाशी गुळगुळीत, गुलाबी भाग दिसायला लागला होता. महिन्याला तीन मिलिमीटर. डोक्यावर बारीक लव आली. जानेवारीत त्याने कपाटावरून कागद काढले. टोकाचा खडबडीत भाग कापून टाकला आणि खिडकीशी बसला. पहिले कागद फाटले. मग एक दिवस त्याने एक कागद पूर्ण केला. तो बाहेर गेल्यावर उज्ज्वलाने तो उजेडात तिरपा धरला. शेवग्याची फांदी होती, शेंगांनी वाकलेली. ओळ कुठे तुटली नव्हती. ती कागद होता तसा ठेवून ओट्याशी जाऊन उभी राहिली. हे आपण इतकी वर्षं बंद ठेवलं होतं. आणि याच्या बदल्यात मृण्मयी दार उघडं असलेल्या घरात वाढली होती. दोन्ही खरं होतं. कुठलं जड, हे ठरवायचं त्राण तिच्यात नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी शेखर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. कित्येक महिन्यांत तो असा आपणहून आला नव्हता.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"हो."

"आठ दिवस झाले. वर्गात मुलं हसली की वाटतं, आपल्यालाच हसतायत. आज फळ्यावर कुणीतरी बाण काढला होता. मला वाटलं तो माझ्यासाठी आहे. झोपही कमी झालीय. हे… तसंच आहे का?"

 पूर्वीची उज्ज्वला म्हणाली असती, छे हो, काही नाही, चहा घेता?

"मला वाटतं, तसंच आहे," ती म्हणाली. "तेव्हाही झोपेपासूनच सुरू झालं होतं. पण माझ्या एकटीच्या सांगण्यावर जाऊ नका. उद्या डॉक्टरांना विचारा."

तो मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघून म्हणाला, "चारच महिने मिळाले."

जळगावला या वेळी दोघं गेले. ती बाहेरच्या बाकावर बसली, तो आत. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते. एक जुनं औषध होतं, त्याने नखं शाबूत राहतील पण हात थरथरेल. दुसरं हेच, निम्म्या मात्रेत, सहा थेंब. नखं जातील, कदाचित पूर्वीइतकी नाहीत. "थरथरत्या हाताला चांगली नखं काय करायचीत?" बसमध्ये शेखर म्हणाला. त्याने थेंब निवडले होते. दर महिन्याला तो स्वतः लॅबमध्ये यायचा, रांगेत उभा राहायचा, बोट ठेवायचा आणि पट्टी वहीत उतरवून घ्यायचा. किती थेंबांना किती खाचा पडतात, झोप किती लागते. चित्रकलेच्या माणसाची वही ती, रंगीत पेन्सिलींनी भरलेली. एप्रिलमध्ये त्याच्या अंगठ्याच्या नखावर दोन काळ एकाखाली एक दिसत होते. टोकाशी गुळगुळीत पट्टा, मुळाशी पुन्हा खाचा, पण उथळ. त्या गुळगुळीत पट्ट्याने त्याने आणखी पाच कागद केले. तो पट्टा पुढे सरकून कापला जाईपर्यंत.

त्याने तिला माफ केलं असं काही झालं नाही. तसं त्याने कधी म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. स्वयंपाक मात्र मे महिन्यात कधीतरी पुन्हा एक झाला. भाकरी तिच्या, भाजी त्याची.

जूनमध्ये उज्ज्वला तापाने आडवी झाली. दहा वर्षांत पहिल्यांदाच तिला आजारी पडायला फुरसत मिळाली होती. दोन दिवस ती नुसती झोपून होती. अंग दुखत होतं, पण त्या दुखण्यातही एक सुख होतं. सकाळी उठायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी शेखर पाण्याचा पेला घेऊन खोलीत आला. तिला पाठीला उशी देऊन बसवलं आणि तळहातावर गोळी ठेवली.

तिने गोळी उचलून तोंडाजवळ नेली.

"थांब," तो म्हणाला.

त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, फाटलेली कड सरळ केली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आधी नाव वाच."

तिला चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं. तो चष्मा शोधायला गेला, शोधून आणला, तिच्या कानांवर चढवला आणि पाकीट पुन्हा समोर धरून उभा राहिला. तिने एक एक अक्षर लावत नाव मोठ्याने वाचलं. मात्रा वाचली. तारीख वाचली. त्याला घाई नव्हती.

"घेऊ?" तिने विचारलं.

"ते तू ठरव," शेखर म्हणाला, आणि पाण्याचा पेला पुढे केला.